उभ्या गाडीचे किंगपिन

“डोळे मिटा” असं मला आयुष्यात दोनच माणसांनी हुकुमाच्या आवाजात सांगितलं आहे. एक डोळ्यांचे डॉक्टर आणि दुसरे चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतले एक मिस्त्री. डॉक्टरांनी निदान आधी थेंब घातले होते. मिस्त्रींनी माझ्या तळहातावर ग्रीसने बरबटलेला एक बोल्ट ठेवला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायला सांगितलं.

“काय लागलं?”

“काही नाही.”

“मधे जरा घसरलं ना? तिथे झिजलाय. आता उघडा डोळे आणि दाखवा मला कुठे ते.”

मला दाखवता आलं नाही. बोल्ट चांगला जाडजूड, भारदस्त दिसत होता. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत सहज निवडून आला असता.

“म्हणून मिटायला सांगितलं,” मिस्त्री म्हणाले. “डोळ्यांना सगळंच धडधाकट दिसतं.”

हा विधी कुठल्याच मालकाला चुकत नसे. गाडीतून जो जो भाग काढून टाकायचा, तो तो मालकाने डोळे मिटून चाचपायचा, झिजलाय हे आपल्या तोंडाने कबूल करायचं, मगच नवा बसणार. वीस-वीस ट्रक बाळगणारे, मनगटावर सोन्याची साखळी असलेले लोक त्या गाळ्यात डोळे मिटून बोल्ट कुरवाळत उभे असलेले मी पाहिले आहेत. इतकी एकाग्रता देवळातही दिसत नाही. तिथे माणसं एक डोळा किलकिला करून चपलांकडे बघत असतात.

कबुली झाली की मिस्त्री तो बोल्ट ऐरणीवर ठेवत आणि हातोड्याचे दोन घाव घालून त्याचे आटे चेपून टाकत. मी एकदा विचारलं की टाकायचाच आहे, तर वर हा छळ कशाला. ते म्हणाले, “उद्या मला घाई असेल, दुकान बंद असेल आणि हा डब्यात दिसेल. तेव्हा माझी नियत काय होईल ते मला आज माहीत आहे.” स्वतःच्या चारित्र्याबद्दल इतकं स्पष्ट मत असलेला माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. माझा वावर मुख्यतः विश्वस्तांमध्ये होता.

मी तेव्हा बोरिवलीच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचनालयाचा एक म्हातारा ट्रक होता. हौद्यावर पत्र्याची खोली बांधून आत फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर पुस्तकं. आठवड्यातून चार दिवस हे फिरतं वाचनालय चारकोपच्या सेक्टरांतून, दहिसरच्या टोकापर्यंत जाऊन येत असे. आमच्या अध्यक्षांनी त्याचं नाव ज्ञानरथ ठेवलं होतं. रथाच्या दोन्ही अंगांना वाचनालयाचं नाव होतं आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, अध्यक्षांचं. हे गृहस्थ कुठल्याशा मोठ्या कार्यालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले होते. तिथून येताना त्यांनी एकच वस्तू घरी आणली होती, ती म्हणजे आपण बोलत असताना कोणी मधे बोलत नाही ही समजूत.

त्या वर्षी ट्रक डावीकडे ओढायला लागला. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी गटाराकडे अशी निघे, जणू तिथे तिचं काही काम राहिलंय. आमच्या ड्रायव्हरने एक दिवस किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, “साहेब, पुस्तकं हातगाडीवर न्या.” फिटनेसची तपासणी दोन महिन्यांवर आलेली. कार्यकारिणीने ठराव केला: गाडी पास झाली तर चालू ठेवावी, न झाल्यास भंगारात द्यावी. ठराव एकमताने झाला. कारण दुसरा पर्याय सर्वांना मनातून पसंत होता.

मला तो पसंत नव्हता आणि त्यामागे ज्ञानप्रसाराची तळमळ वगैरे नव्हती. ट्रकचे चार दिवस मी मोकळा माणूस असे. उरलेले दोन दिवस अध्यक्षांच्या तैलचित्राखाली बसावं लागे. शिवाय दहिसरच्या एका गल्लीत एक वॉचमन होता. तो दर शनिवारी दोन रहस्यकथा नेई आणि परत करताना पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवी, पुढच्या वाचकाचा वेळ वाचावा म्हणून. त्याच्यावर कारवाई करायचं मी बरीच वर्षं मनावर घेत होतो. गाडी गेली असती तर तेही राहून गेलं असतं.

तर मी ट्रक घेऊन या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर घरात जे एक हत्यार चालवणारं माणूस उरलं ते हे. भांडुपहून रोज चारकोपला येत ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बँकेतल्या मॅनेजरसारखे. आल्यावर शर्ट हँगरला, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि माणूस ट्रकखाली अदृश्य. नवे नट-बोल्ट ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडत आणि वर धुतलेलं फडकं घालत. त्या फडक्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. मालकाला बसायला खुर्ची नव्हती, एक टायर होता.

ते फक्त पुढचा एक्सल करत. इंजिनला हात लावत नसत. इंजिनवाल्या मेकॅनिकांबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात, शास्त्रीय गवयाच्या आवाजात वाद्यवृंदवाल्यांबद्दल असते, तशी दया असे.

“इंजिन बिघडलं तर काय होतं, मास्तर?” पुस्तकांशी संबंध असलेला माणूस त्यांच्या लेखी मास्तर. “गाडी थांबते. घरी फोन करायचा, चहा प्यायचा. पुढचा एक्सल गेला तर गाडी थांबत नाही. तीच तर पंचाईत.”

पुढच्या एक्सलच्या दोन टोकांना दोन किंगपिन असतात. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड असा पोलादी दांडा. त्याच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं. आमचे किंगपिन आणि ते ज्यात बसतात ते बुश इतके खाल्ले गेले होते, की जॅकवर उचललेलं चाक मिस्त्रींनी वरखाली धरून हलवल्यावर ते दाराच्या सैल कडीसारखं वाजलं. मी तीन दुकानांतून तीन जोड्या नवे पिन आणले. मिस्त्रींनी जेवणाच्या जुन्या डब्यातून, फ्लॅनेलात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला, प्रत्येक पिन चार ठिकाणी मोजला आणि तिन्ही जोड्या परत पाठवल्या. तिसऱ्या दुकानदाराने मला विचारलं की तुमच्या ट्रकला चंद्रावर जायचंय का.

शेवटी मिस्त्री माळ्यावर चढले आणि एका पत्र्याच्या डब्यातून तेलकट कागदात बांधलेली एक जोडी घेऊन उतरले. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची, कधीच न वापरलेली.

“हे बिलात धरणार नाही. वापरायला देतोय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, विकत घेतो की.

“विकले म्हणजे तुमचे झाले. मग त्यांचं तुम्ही काय कराल ते मी कोण विचारणार?”

मला तेव्हा हा निव्वळ तऱ्हेवाईकपणा वाटला. माझी माणसांची पारख नेहमीच उशिरा पोचते.

एक्सल उघडला आणि मिस्त्रींना एक शत्रू सापडला. पूर्वी कधीतरी हा एक्सल ज्याने खोलून बसवला होता, त्याने काही करामती केल्या होत्या. नट सुटू नये म्हणून त्यात दुटांगी स्प्लिट पिन घालतात; तिथे त्याने वाकवलेला खिळा घातला होता. एका वायसरच्या जागी डालड्याच्या डब्याचा कापलेला पत्रा होता. कमानीचे पाटे एक्सलला आवळणारा एक यू-बोल्ट भलत्याच गाडीचा होता आणि आटे जुळत नसताना ठोकून बसवला होता. मिस्त्रींनी तो खिळा बशीत ठेवला आणि येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. चहावाल्याला दाखवला. शेजारच्या प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्याला दाखवला. रागावले की ते मालवणीवर जात.

“ह्या काम करणाऱ्या मेल्याक माका एकदा बघूचा आसा,” असं ते दिवसातून चार वेळा म्हणत. त्या अज्ञात माणसाचं शिक्षण, गुरू, हातांची ठेवण, सगळ्यांवर त्यांनी आठवडाभर सविस्तर विवेचन केलं. मी इतकी कसून केलेली टीका फार थोड्या ग्रंथांवर वाचली आहे.

त्याच आठवड्यात फिटनेससाठी गाडीचे कागद शोधताना मला वाचनालयाच्या कपाटात जुनी दुरुस्तीची फाइल मिळाली. त्यात एक पिवळी पडलेली पावती होती, माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या काळातली. भांडुपचं एक गॅरेज. “पुढचा एक्सल खोलून साफ करून बसवला. स्प्लिट पिन मिळाला नाही, तात्पुरती सोय केली आहे.” खाली सही. ही सही मी थोड्याच दिवसांपूर्वी, किंगपिन परत पाठवायच्या मिस्त्रींच्या चिठ्ठीवर, पाहिली होती. गाडी तेव्हा निळी होती आणि तिच्या अंगावर कुणाचंही नाव नव्हतं. त्यामुळे मिस्त्रींना ती ओळखू आली नाही, यात नवल नाही.

पावती दाखवावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. म्हणजे दाखवायची हे ठरलेलं होतं, चेहरा कसा ठेवायचा त्याचा विचार केला.

मिस्त्रींनी हात पुसले. पावती वाचली. पुन्हा वाचली. मग पाना खाली ठेवून चहा प्यायला गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. बशीतला खिळा उचलून त्यांनी खिशात टाकला. मला वाटलं, आता निदान आवाज तरी खाली येईल. त्यांनी ट्रकखाली सरकून, जे सांधे परवाच तपासून ठीक म्हणून सोडले होते, ते सगळे सोडवायला सुरुवात केली. स्टिअरिंगचे दांडे, पाट्यांचे पिन, सगळं.

“अहो, हे तर ठीक आहेत म्हणालात.”

“ठीक आहेत,” खालून आवाज आला. “पण बसवलेत त्याने.”

“तो म्हणजे तुम्हीच ना?”

“म्हणूनच सांगतोय. मी ओळखतो त्याला.”

त्यामुळे काम तीन आठवडे लांबलं आणि मी अध्यक्षांच्या तोंडी सापडलो. वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव आला होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. ज्ञानरथाचं पुनःप्रस्थान, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते. पाहुण्या एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, त्यांची तारीख हलणार नव्हती. मिस्त्रींची गाडी हलणार नव्हती. अध्यक्षांनी मला पाठवून विचारलं, निदान चाकं लावून वाचनालयापर्यंत ढकलत आणता येईल का. मिस्त्रींनी निरोप दिला की येईल, अध्यक्ष पुढच्या चाकासमोर चालणार असतील तर.

तेव्हा समारंभच गाळ्याकडे आला. औद्योगिक वसाहतीच्या गल्लीत मांडव पडला. सनईची ध्वनिफीत आणि शेजारचं बादल्यांचं यंत्र आलटून पालटून वाजत होतं. ट्रक मात्र त्या दिवशी सकाळीच तयार झाला होता. शेवटचा स्प्लिट पिन वाकवून मिस्त्री खालून निघाले, हात धुतले आणि पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत उभे राहिले. बोनेटवर हार होता. ट्रकची मागची फळी म्हणजे व्यासपीठ. तिथे अध्यक्ष, न्यायाधीश बाई आणि मायक्रोफोन.

अध्यक्ष अर्धा तास बोलले. मग त्यांनी एक घोषणा केली. ती मीही प्रथमच ऐकत होतो. हा रथ आता वाचनालयाच्या दारात जाईल आणि तिथे संगमरवरी चौथऱ्यावर कायमचा विराजमान होईल. वर काचेचं छप्पर. पुढच्या पिढ्या त्याच्याकडे पाहून प्रेरणा घेतील. टाळ्या पडल्या. मी हिशेब केला की आता आठवड्याचे सहाही दिवस मी तैलचित्राखाली बसणार आणि येता-जाता त्या चौथऱ्याकडे बघून प्रेरणा घेणार.

मागच्या रांगेत मिस्त्री नव्हते. ते आत गेले होते. बाहेर आले तेव्हा अंगावर खाकी चड्डी होती आणि हातात जॅक. सभेच्या मधून, कुणाकडे न बघता, ते ट्रकच्या पुढच्या अंगाला गेले. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, वाकून, दांडा मारायला लागले. अध्यक्ष प्रेरणेबद्दल बोलत होते आणि त्यांच्यासकट व्यासपीठ हळूहळू मागे कलत होतं. न्यायाधीश बाईंनी शांतपणे पत्र्याला धरलं. अध्यक्षांना हे कळायला दोन वाक्यं लागली.

“अहो, हे काय चालवलंय?” ते मायक्रोफोनवरच म्हणाले.

मिस्त्री उठले, पुढे आले. “उभ्या गाडीला किंगपिन लागत नाहीत, साहेब. माझे मी काढून घेतोय.”

“तुमचे म्हणजे?”

“वापरायला दिले होते. चौथऱ्यावर खाली विटा लावा. विटांना झीज नाय.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात क्वचितच इतक्या आनंदाने मान डोलावली असेल. मग त्यांनी स्वर बदलला. वारसा, भावना, संस्थेची प्रतिष्ठा. मिस्त्रींनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांची बोलणाऱ्याला मधेच तोडण्याची पद्धत वेगळी होती. ते खाली बसून पुन्हा जॅक मारू लागले.

न्यायाधीश बाईंनी मायक्रोफोन आपल्याकडे ओढला. “एकच विचारते,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “ही गाडी चालते का?”

“चालते की. उत्तम चालते.”

“मग ती उभी का करायची?”

इतका सोपा प्रश्न आमच्या कार्यकारिणीच्या कुठल्याही सभेत निघाला नव्हता. अध्यक्षांनी समोर पाहिलं. पुढे सभासद बसले होते, वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर होता, आणि ते स्वतः जमिनीला तिरके उभे होते. त्या कोनातून माणसाला फार काळ ठाम राहता येत नाही. त्यांनी जाहीर केलं की गाडी अर्थातच फिरत राहील, चौथऱ्याचा विचार पुढे कधीतरी.

“लिहून द्या,” खालून आवाज आला.

ट्रकमध्ये पुस्तकं देण्याची कार्डं होती. मी एक घेतलं. पुस्तकाचं नाव या जागी “किंगपिन, दोन” असं लिहिलं. नेणाऱ्याचं नाव, आमचं वाचनालय. मुदत: गाडी फिरती असेपर्यंत. अध्यक्षांनी ज्या सोनेरी पेनाने मानपत्रावर सही करायची होती, त्याने त्यावर सही केली. मिस्त्रींनी कार्ड वाचलं, हात पुसून शर्टाच्या खिशात ठेवायला आत गेले, आणि मग येऊन जॅक उतरवला. अध्यक्षांनी नंतरच्या प्रत्येक भाषणात गाडी चालू ठेवण्याचा निर्णय आपला असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. सही त्यांचीच होती.

फिटनेसच्या तपासणीत निरीक्षकाने चाक धरून हलवलं, ते हललं नाही, त्याने दुसरं हलवून पाहिलं आणि कागदावर काही लिहिलं. गाडी पास झाली. पुढची तीन वर्षं ती फिरली. त्यानंतर सांगाडाच सडला. जिथे हात लावावा तिथे पत्र्याऐवजी गंजाचं पीठ हाती येऊ लागलं. या वेळी भंगाराच्या ठरावाला मीही हात वर केला. मिस्त्रींनी तोवर गाळा सोडला होता. गुडघे गेले होते. भांडुपला घरी असत. गाडी तोडायला दिली त्या दिवशी मी तोडणाऱ्याच्या डोक्यावर उभा राहून दोन्ही किंगपिन काढवून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भांडुपला गेलो.

चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. मिस्त्री खिडकीशी बसले होते, घरातही इस्त्रीचा शर्ट. मी पुडकं समोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी गाडीबद्दल हळहळ वगैरे व्यक्त केली नाही. मायक्रोमीटर मागवला. बायकोने तो कुठे ठेवलाय हे न विचारता आणून दिला, म्हणजे गाळा सुटल्यावर तो घरी आला होता. दोन्ही पिन त्यांनी पुसले आणि चार-चार ठिकाणी मोजले. बराच वेळ लागला. आयुष्यभर हा माणूस झीज सापडली की शिव्या घालत आला होता, म्हणून मी शिव्यांच्या तयारीने बसलो.

“डावा जास्त गेलाय,” ते म्हणाले. “खालच्या अंगाला. डावीकडे कुठेतरी गटाराचं झाकण बसायचं रोज.”

“रोज नाही. शनिवारी. दहिसरच्या गल्लीत, वळणावर. झाकण खचलेलं होतं.”

“चुकवता नसतं आलं?”

“आलं असतं. पण मग गाडी वॉचमनच्या दारापर्यंत जात नव्हती.”

त्यांनी पिन उजेडात धरला, फिरवला, आणि मान डोलावली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, “अगो, मास्तरांका जेवूक वाढ.”